एक-शून्य-शून्य

बीडमध्ये औषधाच्या दुकानाला कुणी फार्मसी म्हणत नाही, 'मेडिकल' म्हणतात. ताप आला, कंबर धरली, पोराला जुलाब लागले की मोहल्ल्यातला माणूस आधी मेडिकलवर जातो. डॉक्टरकडे नंतर, आणि पुष्कळदा जातच नाही. डॉक्टरची फी वाचते, अर्ध्या दिवसाची मजुरी बुडत नाही. अशा माणसाला अडाणी ठरवून मोकळे होणारे लोक आम्हाला आवडत नाहीत. गरिबाचा पहिला दवाखाना ते काउंटरच असते. म्हणून काउंटरमागे कोण उभे आहे, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

कायद्याने त्याचे उत्तर केव्हाच दिले आहे. 1948 च्या फार्मसी कायद्यातील कलम 42 प्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. प्रत्यक्षात भिंतीवरच्या फ्रेममध्ये प्रमाणपत्र एकाचे आणि गल्ल्यावर दुसराच, हे चित्र कुणाला नवे नाही. 2012 च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे तेव्हाचे आयुक्त महेश झगडे यांनी याच मुद्द्यावर राज्यभर तपासण्या लावल्या. फार्मासिस्ट हजर नसेल तर परवान्यावर कारवाई होऊ लागली. विक्रेत्यांच्या संघटना खवळल्या, बंदची भाषा झाली. माणूस मिळत नाही ही त्यांची अडचण छोट्या गावापुरती खरीही असेल. पण मग फ्रेममधले प्रमाणपत्र कुठून मिळाले, हे आम्हाला अजून उमगलेले नाही.

आमच्या शेजारी एक खाला राहतात. उर्दू सफाईने वाचतात, मराठी बोलतात पण वाचत नाहीत. डॉक्टरांनी त्यांना साखरेची ग्लिमेपिराइड ही गोळी दिली, सकाळी न्याहारीआधी एक. मेडिकलवरच्या पोराने कागदी पाकिटावर पेनाने '1-0-0' लिहिले, पाकीट पुढे सरकवले आणि 'हां, बोला' म्हणत पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. खालांनी ते उजवीकडून वाचले. सकाळी शून्य, दुपारी शून्य, रात्री एक. रात्री झोपताना गोळी घेतली. मध्यरात्री घामाने अंथरूण भिजले, हातपाय थरथरू लागले. मुलाने साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी खाला पाकीट घेऊन आमच्याकडे आल्या. "मास्टरसाब, इसपे तो रातकोच लिखा है ना?"

गल्लीत हसू झाले, आम्हाला हसू आले नाही. उर्दूतही संख्या डावीकडूनच लिहितात, पण तक्ता उजवीकडून सुरू होतो. आमच्या शाळेच्या वेळापत्रकात पहिला तास उजव्या टोकाला असतो. खालांच्या नजरेला सकाळ उजवीकडेच दिसणार. त्यांनी जन्मभर जसे वाचले तसेच वाचले. पोरानेही आकडा चूक लिहिला नव्हता. फक्त "ही सकाळी, खाण्याआधी" एवढे तोंडाने बोलायला हवे होते. रुग्णाला औषध समजावून सांगणे 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनुसार फार्मासिस्टचे कर्तव्यच आहे. त्याला अर्धे मिनिट लागते. गर्दीत तेवढे अर्धे मिनिट नसते, हेही आम्ही रोज पाहतो.

रमजानमध्ये तर दिवसच उलटा होतो. न्याहारीच्या जागी सहेरी, रात्रीच्या जेवणाच्या जागी इफ्तार. कुणी सकाळची आणि रात्रीची गोळी मनानेच अदलाबदल करतो, कुणी महिनाभर सोडूनच देतो. कोणती गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरने ठरवायचे. पण "रोजे ठेवता का? मग एकदा डॉक्टरांना विचारून या" हे वाक्य काउंटरवरून यायला काय हरकत आहे? ते आम्ही फार क्वचित ऐकले. दुकानदार आपल्यातलाच असला तरी.

एकदा सातवीच्या मुलांना घरातल्या रिकाम्या स्ट्रिपा आणायला सांगितल्या. तास विज्ञानाचा होता, इंग्रजीचाही झाला. मुदत कुठे, बॅच नंबर कुठे, किंमत कुठे, हे मुलांनी भराभर शोधले. डाव्या कडेची उभी लाल रेघ मात्र सगळ्यांना नक्षी वाटली होती. ती रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय औषध घ्यायचे नाही, असे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, आमच्याकडे तर सगळ्याच रेघवाल्या आहेत. अब्बा नुसते नाव सांगून आणतात." काही औषधांसाठी तर 1 मार्च 2014 पासून एच-1 ही वेगळी यादी आहे. त्यांत क्षयाची औषधे, झोपेच्या गोळ्या, काही जालीम अँटिबायोटिक्स येतात. रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव स्वतंत्र रजिस्टरात लिहून ते रजिस्टर 3 वर्षे जपायचे असते. नुसत्या नावावर गोळी देणारा त्या रजिस्टरात डॉक्टर म्हणून कुणाचे नाव लिहीत असेल?

आणि दुकानदार कितीही सज्जन असला तरी गोळी खरी आहे की नाही हे त्यालाही डोळ्यांनी कळत नाही. 2024 च्या डिसेंबरात आपल्याच अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालयाला पुरवलेल्या अँटिबायोटिक गोळ्या बनावट असल्याचे प्रकरण समोर आले, पुरवठादारांवर गुन्हा नोंदला गेला. एवढ्या मोठ्या रुग्णालयाची ही कथा, तर गल्लीतल्या मेडिकलचे काय? तेव्हापासून आम्ही दहा रुपयांच्या गोळीचेही बिल मागतो. त्यावर बॅच नंबर असतो, उद्या काही निघाले तर तोच धागा हाती राहतो. दुकानदार म्हणतो, "सर, तुम्हीसुद्धा? एवढ्याशा गोळीला?" तो बिलबुक शोधायला लागतो, मागचे लोक चुळबुळ करतात, आणि आम्ही तसेच उभे राहतो.