पानपूरक नसलेला अंक

शाळेचा अंक छापणं बंद करून तो नेटवर न्यायचं ठरलं, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत पहिली चर्चा झाली ती खर्चाची. कागद, प्लेटा, छपाई, बाइंडिंग, सगळं वाचणार. वाचलंही. पण मी मराठी शिकवणारा आणि अंक सांभाळणारा माणूस. मला वेगळीच काळजी होती. आता मुलांना ‘नाही’ म्हणायचं ते कशाच्या जोरावर?

छापील अंकात तो जोर कागदाचा होता. छपाईचा एक फॉर्म सोळा पानांचा. तीन फॉर्मांचा अंक म्हणजे अठ्ठेचाळीस पानं, एकोणपन्नासावं नाही. नारायण पेठेतल्या प्रेसमधून निरोप यायचा, “सर, अर्धं पान जास्त होतंय,” आणि आम्ही कात्री काढायचो. मूल रुसायचं ते कागदावर, माझ्यावर नाही. उलटही व्हायचं. लेख संपून पानाच्या तळाशी चार ओळींची जागा उरायची. तिथे पानपूरक लागायचं: एखादा चुटका, चारोळी, कोडं. आठवीतला एक मुलगा यात तरबेज होता. “किती ओळी, सर?” एवढंच विचारायचा आणि मधल्या सुट्टीत डबा खाता खाता बरोबर तेवढ्याच ओळी लिहून द्यायचा. मापात लिहिणं हे मोठं कौशल्य आहे. ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पानाच्या तळानं शिकवलं.

पडद्याला तळच नसतो. नेटवरच्या पहिल्याच अंकाला राजगडच्या सहलीवर अख्ख्या वर्गाचे लेख आले. सगळे पहाटे उठले होते, सगळ्यांना बसमध्ये मजा आली होती आणि शेवटी सगळ्यांना महाराजांची आठवण झाली होती. “सगळेच टाकू ना सर, जागेचा प्रश्नच नाही,” असं अंकाची तांत्रिक बाजू बघणारी मुलगी म्हणाली. तिचं म्हणणं तसं बिनतोड होतं. पण सगळे टाकले असते तर प्रत्येक आईनं आपल्या मुलाचा लेख उघडला असता आणि बाकीचे कुणीच वाचले नसते. त्याला मी अंक म्हणणार नाही, ती हजेरीची वही झाली असती. मग आम्हीच तळ घातला. अंक दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी. मजकूर बारा, बातमी दोनशे शब्दांच्या आत. तेरावा मजकूर कितीही चांगला असला तरी पुढच्या महिन्यात. पहिले काही दिवस कुरबुर झाली. नंतर मुलंच एकमेकांना सांगायला लागली, “दोनशे वीस झालेत, पहिला परिच्छेद काढ.”

पहिला परिच्छेद बहुतेक वेळा काढावाच लागतो. एकदा वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबापाशी आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी. नववीची एक मुलगी वहीपेन घेऊन गेली. तिची बातमी ‘भक्तीचा महासागर’ इथून सुरू झाली होती. दुसऱ्या परिच्छेदात मात्र तिनं एका आजीबाईंना विचारलं होतं, “पिशवीत काय काय आहे?” दोन लुगडी, एक ताटली, रक्तदाबाच्या गोळ्या, आणि लेकीचा फोन नंबर लिहिलेली छोटी वही. महासागर काढला, पिशवी वर आणली. त्याच संध्याकाळी शनिवारची वाट न बघता बातमी लावली, कारण पालखी तोवर थांबत नाही. खरा फायदा झाला तो इथे. छापील वार्षिक अंक स्नेहसंमेलनाला निघायचा. आषाढी वारीची पालखी त्यात पौषात पोचायची, म्हणजे ती बातमी राहायचीच नाही, निबंध व्हायची. शाळेत बातमीपत्र म्हणावं असं काही होतं ते जिन्याखालचं भित्तिपत्रक, आणि तेही दप्तरांचे धक्के खात फाटायचं. नेटवर गेलं ते खरं तर हे भित्तिपत्रक.

बातमी आली की खातरजमा आली. ती शिकवायला पुण्यातल्या शिक्षकाला लांब जावं लागत नाही. 1 जानेवारी 1880 ला न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं आणि पुढच्याच जानेवारीत ‘केसरी’ निघाला. शाळा काढणारे आणि पत्र चालवणारे हात तेच होते. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्याविरुद्ध मिळालेल्या पत्रांवर विसंबून मजकूर छापला गेला, खटला झाला, पत्रं बनावट ठरली आणि 1882 मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस राहिले. हेतू चांगला, माणसं मोठी, पण हातात आलेला कागद खोटा. हे सांगितल्यावर मुलं गप्प होतात, आणि ‘पावसामुळे उद्या सर्व शाळांना सुट्टी’ असा व्हॉट्सअॅपवर फिरणारा निरोप लावण्याआधी कार्यालयात जाऊन विचारून येतात. (सुट्टीचा निरोप खोटा ठरल्यावरचे चेहरे बघवत नाहीत, ते सोडा.) खातरजमा करूनही चूक राहिलीच तर? नेटवर ती गुपचूप पुसता येते. आमच्याकडे पुसायची परवानगी नाही. दुरुस्ती करायची आणि काय दुरुस्त केलं ते खाली तारीख घालून लिहायचं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला जुन्या अंकांनी. त्यांच्या फाइली पानं मांडायच्या पेजमेकर सॉफ्टवेअरमधल्या, अक्षरं श्रीलिपीच्या फॉन्टमधली. श्रीलिपी पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची, आणि संगणकावरच्या भारतीय लिप्यांसाठी झटलेली सी-डॅक ही संस्थाही पुण्यातलीच. पण फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. जुने फॉन्ट अक्षराचं चित्र साठवायचे. म्हणून पहिली वेलांटी जशी दिसते तशी व्यंजनाच्या आधी बसायची. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर ही उलटापालट करतं, पण रफार आणि जोडाक्षरांशी अडखळतं. एका ट्रेकच्या लेखात सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या झाला आणि मुलं कोरड्या पायांनी समुद्र उतरली. स्पेलचेकरला हे कळत नाही, कारण दर्याही शब्दच आहे. म्हणून दोघांच्या जोड्या केल्या. एकानं छापील अंकातून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं पडद्यावर बोट ठेवायचं. मुद्रितशोधनाची ही जुनी रीत अजून तरी हरलेली नाही. ल आणि श यांच्या वळणाचाही घोळ होताच. मराठी वळण कोणतं हे 2009 च्या शासन निर्णयानं ठरवून दिलं, पण पडद्यावर बऱ्याचदा हिंदी वळणाचं अक्षर येतं. पानाची भाषा मराठी अशी नोंदवली आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर आपला ल आपल्याला मिळतो.

एका बाबतीत मी छापील अंकापेक्षाही कडक झालो आहे. दहावीतल्या मुलाची हळवी कविता छापील अंकात आली, तर चार दिवस चिडवाचिडवी होऊन अंक माळ्यावर जातो. नेटवर तीच कविता, पूर्ण नावानिशी, तो नोकरीच्या मुलाखतीला जाईल तेव्हाही सापडते. म्हणून आम्ही फक्त पहिलं नाव आणि इयत्ता देतो. फोटो समूहाचेच, तेही पालकांची सही असेल तरच. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. तो नसता तरी हे करायला हवंच होतं. आणि मोठेपणी कुणी “सर, माझं ते काढा” असा फोन केला, तर कारण न विचारता काढायचं.

राहिला प्रश्न टिकण्याचा. बालभारतीनं 1971 पासूनचे ‘किशोर’चे अंक नेटवर खुले केले, कारण ते कुणीतरी जपून ठेवले होते. शाळेचं संकेतस्थळ वर्षाचं शुल्क भरायचं राहिलं की बंद पडतं, आणि सांभाळणारा शिक्षक निवृत्त झाला की पासवर्डही जातो. त्यामुळे प्रत्येक अंकाच्या दोन प्रती साध्या प्रिंटरवर काढून, शिवून, आम्ही ग्रंथालयात ठेवतो. शाळेत अंक सांभाळणाऱ्या प्रत्येकाला एकच विनंती. जुन्या अंकांचं आणि हस्तलिखितांचं कपाट या दिवाळीच्या सुट्टीत उघडा, वाळवी बघा, आणि रद्दीवाल्याच्या आधी स्कॅनरवाल्याला बोलवा.