चेहऱ्यावरचा प्रश्न

मुंबईच्या लोकलमधला अपंगांसाठी राखीव असलेला लहानसा डबा संध्याकाळी गप्पांनी भरून जातो. कामावरून सुटलेली कर्णबधिर माणसं ठरलेल्या गाडीला ठरल्याप्रमाणे त्या डब्यात चढतात, कुणी अंधेरीला, कुणी दादरला. गाडी पुरती थांबायच्या आधीच दारातल्याचे हात हलू लागलेले असतात आणि फलाटावरचा उत्तर देत असतो. शेजारच्या डब्यात ऐकणारी माणसं एकमेकांच्या कानाशी ओरडत असतात. भजनं, फेरीवाले, उद्घोषणा, रुळांचा खडखडाट. आणि रुळांच्या या बाजूचा माणूस त्या बाजूच्या मित्राला आईची तब्येत कशी आहे ते निवांत विचारतो. ॲनेलीस कुस्टर्स या मूळच्या बेल्जियमच्या, स्वतः कर्णबधिर असलेल्या अभ्यासक बाईंनी याच डब्यांतल्या गप्पांवर संशोधन केलं आहे. त्यांचा ‘इशारे’ हा २०१५ सालचा माहितीपट मुंबईतल्या कर्णबधिर माणसांचे बाजारातले, दुकानांतले व्यवहार दाखवतो. तो पाहताना मला माझा मामा आठवला आणि मी सांकेतिक भाषेच्या वर्गाला नाव घातलं. मामा तेव्हा या जगात नव्हता.

माझ्या धाकट्या मामाचे कान लहानपणच्या एका तापात गेले. आजोळी त्याच्यासाठी खुणा होत्या, त्यानं आणि आजीनं मिळून केलेल्या. नाकाशी चिमूट म्हणजे नथ, म्हणजे थोरली मामी. डोक्यावर तळहात म्हणजे टोपी, म्हणजे आजोबा. दोन्ही खांद्यांवरून बोटं खाली उतरवली की दोन वेण्या, म्हणजे मी. जेव, ये, नको, पैसे, पाऊस, बैल. एवढ्यावर त्याचं आणि घराचं चाललं. लग्नकार्यात तो पंगतीला वाढायचा, सगळे हसले की हसायचा. एका पहाटे आजोबांना जीपमधून शहरातल्या इस्पितळात नेलं आणि ते परत आले नाहीत. त्यांना कुठे नेलं, काय झालं, ते का येत नाहीत, हे मामाला सांगता येईल अशी एकही खूण घरात नव्हती. तो कितीतरी दिवस डोक्यावर तळहात ठेवून एकेकासमोर उभा राहायचा. घरातली माणसं त्याला ताट वाढायची.

खुणांनी वस्तू दाखवता येतात, माणसं दाखवता येतात. ‘का’ला व्याकरण लागतं. त्या घरात माया होती, व्याकरण नव्हतं.

वर्गाचे सर स्वतः कर्णबधिर आहेत. आत आलं की आवाज बंद, हा त्यांचा एकच नियम. पहिल्या दिवसापासून त्यांनी आमची नजर दुरुस्त करायला घेतली. नवशिका माणूस समोरच्याच्या हातांकडे पाहतो. बोटं कुठे गेली, कशी वळली, याच्या मागे धावतो. जाणता माणूस चेहऱ्याकडे पाहतो आणि हात त्याला नजरेच्या कडेनं दिसत राहतात. कारण व्याकरणाचा मोठा भाग चेहऱ्यावर असतो. ‘तू जेवलास’ आणि ‘तू जेवलास का’ यांत हात तेच राहतात. भुवया वर जातात, मान किंचित पुढे येते आणि विधानाचा प्रश्न होतो. आम्हा ऐकणाऱ्यांचे चेहरे याला तयार नसतात. मोठ्या माणसानं, त्यातून बाईनं, चेहरा आवरून बोलावं असं आम्हाला शिकवलेलं असतं. वर्गात तो आवरलेला चेहरा म्हणजे अर्धवट वाक्य. सर आपल्या भुवयांना बोट लावून दाखवत राहतात: इथे, इथे काहीच दिसत नाही.

आणि सतत पाहणं दमवतं. सुरुवातीला घरी जाताना डोळ्यांच्या मागे ठणका लागायचा. ऐकणारा माणूस भाजी निवडत ऐकतो, पाठ करून ऐकतो, मोबाइलवर बोट फिरवत ‘हं, हं’ करत ऐकतो. इथे नजर हटली की समोरच्याचं वाक्य तुमच्यापुरतं संपलं. दुसऱ्याकडे इतका वेळ, इतकं नीट पाहायची मला सवय नव्हती. नवऱ्याकडे, मुलांकडेसुद्धा मी इतकं बघत नव्हते. आता बघते, आणि घरातलं बोलणं कमी होऊन ऐकणं वाढलं आहे.

भाषेची खरी श्रीमंती मला सरांच्या एका गोष्टीत दिसली. एका संध्याकाळी ते फलाटावर गाडीची वाट पाहत उभे होते. त्यांनी डावा तळहात आडवा धरला, तो फलाट. त्यावर उजव्या हाताची दोन बोटं उलटी उभी केली, ते स्वतः. मग दोन्ही हातांची सगळी बोटं उभी करून आजूबाजूची गर्दी दाखवली. गर्दी शांत आहे. एकाएकी गर्दीचे चेहरे वर होतात, म्हणजे सरांचाच चेहरा वर होतो, कारण या क्षणी ते गर्दी आहेत. उद्घोषणा झाली असावी. बोटांची सगळी रांग एका दिशेला वळते, पुलाच्या पायऱ्या चढू लागते. मग खांदा थोडा फिरतो आणि ते पुन्हा स्वतः होतात: एकटा माणूस, दोन बोटं, उलट्या प्रवाहात. कुणाला विचारावं? जो तो पळतोय. तेव्हा तेही पळतात, कुठे ते ठाऊक नसताना, गर्दी नेईल तिकडे. पुलावरून खाली पाहिलं तर त्यांची गाडी समोरच्या फलाटाला लागलेली. हे सांगायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही. त्यात फलाट, पूल, जिना, गर्दी, गाडी यांच्या जागा हवेत कायम होत्या. गोष्ट संपल्यावर मी ‘पूल कुठे होता’ असं विचारलं असतं तर वर्गातल्या कुणीही त्याच हवेतल्या जागेकडे बोट दाखवलं असतं. आपण विभक्तीचे प्रत्यय लावून कोण कुणाला ते सांगतो. इथे ‘देणे’ हे क्रियापदच देणाऱ्याच्या जागेवरून घेणाऱ्याच्या जागेपर्यंत जातं. दोन प्रत्यय वाचले आणि काही बिघडलं नाही.

मराठी माणसाला ही भाषा काही बाबतींत चटकन जवळची वाटते. क्रियापद शेवटी येतं. नकार शेवटी येतो, आपल्या ‘चहा नको’सारखा. प्रश्नाचा शब्दही शेवटी जातो: ‘तू शाळा जाणे कधी’. बाईची खूण नाकातल्या चमकीच्या जागी बोट टेकून होते, पुरुषाची मिशीवरून. ती शिकले त्या दिवशी आजीनं नथ दाखवायला धरलेली चिमूट डोळ्यांसमोर आली. शाळेचं तोंडही न पाहिलेली माझी आजी योग्य वाटेवर होती. तिला सोबत मिळाली नाही, एवढंच.

ही खरीखुरी भाषा आहे हे विद्वानांनी मान्य करायलाही फार उशीर झाला. विल्यम स्टोको हा चॉसरचा अभ्यासक १९५५ साली वॉशिंग्टनच्या गॅलोडेट कॉलेजात कर्णबधिर विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवायला गेला. ऐकणारा, नवखा माणूस. विद्यार्थी आपसांत काय करतात ते तो पाहत राहिला आणि १९६० साली त्यानं मांडलं की त्यांच्या खुणा अखंड चित्रं नसतात. हाताचा आकार, जागा आणि हालचाल अशा लहान घटकांतून त्या घडतात, जसे बोलीतले शब्द ध्वनींतून घडतात. सहकाऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं. पुढे मेंदूच्या अभ्यासानंही तेच दाखवलं: डाव्या मेंदूला इजा झालेल्या कर्णबधिराची सांकेतिक भाषा अडखळते, ऐकणाऱ्याची वाचा अडखळते तशीच. आपल्याकडे मदन वशिष्ठ यांचं नाव घ्यायला हवं. हिमाचलच्या खेड्यात वाढलेले, अकराव्या वर्षी बहिरे झालेले, पुढे गॅलोडेटला जाऊन शिकलेले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळुरू इथल्या खुणा नोंदवल्या. शहरागणिक खुणा बदलतात, व्याकरण मात्र एकच, हे त्यातून पुढे आलं. दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र उभं राहायला २०१५ साल उजाडलं. त्याच्या शब्दकोशात २०१८ साली ३,००० शब्द होते, २०२१ पर्यंत १०,००० झाले.

या उशिराची किंमत मुलांनी मोजली. १८८० साली मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिनं ठरवलं की मुलांना तोंडानंच बोलायला शिकवायचं, खुणा नकोत. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते. पुढची शंभर वर्षं तो ठराव जगभरच्या शाळांच्या मानगुटीवर बसला. २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेत त्याबद्दल खेद व्यक्त झाला, पण तोवर पिढ्या गेल्या होत्या. आमच्या सरांच्या शाळेतही वर्गात हात हलले की पट्टी बसायची. भाषा ते शिकले वसतिगृहात, रात्री, मोठ्या मुलांकडून, दिवा मालवेपर्यंत.

ओठ वाचून समजतं ना, असं लोक सहज म्हणतात. आरशासमोर उभं राहून, आवाज न काढता ‘पाप’, ‘बाप’, ‘माप’ म्हणून पाहावं. तिन्ही वेळा ओठ तेच करतात. ‘क’ आणि ‘ग’ तर घशापाशी होतात, ओठांवर येतच नाहीत. लहान मुलानं अशा अंदाजांवर इतिहास शिकायचा, गणित शिकायचं, वर्षानुवर्षं आरशासमोर बसून स्वतःला कधीच ऐकू न येणारा ‘र’ घोटायचा, आणि तो जमला की आपण टाळ्या वाजवायच्या. मला याचा राग येतो. वाचा शिकवण्यात वाईट काही नाही. यंत्रं, शस्त्रक्रिया, वाचाउपचार, ज्याला ज्याचा उपयोग होईल त्याला ते जरूर मिळावं. पण जवळ येण्याची सगळी मेहनत ज्याला ऐकू येत नाही त्यानंच करायची, आणि ज्याचे कान, डोळे, हात सगळं शाबूत आहे त्यानं जागचं हलायचंही नाही, हे कुठलं शहाणपण? २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेली सुमारे ५० लाख माणसं नोंदली गेली. त्यांतली बहुतेक ऐकणाऱ्यांच्या घरांत जन्मलेली. म्हणजे त्यांच्या भोवती काही कोटी आया, बाप, भाऊ, मावश्या, शेजारी आहेत. त्यांतल्या किती जणांना ‘का’ विचारता येतं?

‘खामोशी’ हा १९९६ चा सिनेमा गोव्यात घडतो. नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास त्यात कर्णबधिर आईबाप आहेत आणि ऐकू येणारी मुलगी त्यांची दुभाषी. पूर्वी मी तो गाण्यांसाठी पाहिला होता. आता पाहिला तेव्हा त्या मुलीच्या खांद्यांकडे लक्ष गेलं. लहान पोरीनं आईबाप आणि सगळं गाव यांच्यामध्ये उभं राहायचं. गावातल्या चार जणांनी शिकून घेतलं असतं तर ती थोडा वेळ नुसती मुलगी राहिली असती.

आमच्या वर्गात एक तरुण जोडपं येतं. तो रिक्षा चालवतो, ती दोन घरचा स्वयंपाक करते. मुलगी तीन वर्षांची होईल, तिला ऐकू येत नाही. ही बाई आमच्यात सगळ्यांत पुढे आहे, कारण ती धड्यांच्या क्रमानं शिकत नाही. त्या आठवड्यात घरी काय लागणार आहे ते ती कागदावर लिहून आणते. मागच्या खेपेला यादीत होतं: उद्या दवाखाना, सुई, दुखेल, थोडंच, मी तिथेच आहे. सरांनी एकेक दाखवलं. तिनं ते केलं आणि मग थांबून विचारलं: सुई टोचताना मी तिचे हात धरलेले असणार. मग मी बोलू कशी, आणि ती बोलणार कशी?

सरांनी जरा विचार केला. नवऱ्याला उठवून खुर्चीत बसवलं, मांडीवर बॅग ठेवली, ती मुलगी. बॅगेचा एक पट्टा त्याच्या हातात दिला: एवढाच दंड बापानं धरायचा, दुसरा हात मोकळा सोडायचा. आईला समोर गुडघ्यांवर बसवलं, मुलीला तिचा चेहरा पूर्ण दिसेल असं. सिस्टरना आधीच सांगायचं, मध्ये उभ्या राहू नका. मग त्यांनी दोन हातांच्या खुणा एका हातानं करून दाखवल्या. लोकलमध्ये वरची कडी धरून उभं असताना ते रोज तशाच करतात, आणि समजतं. आम्ही सगळ्यांनी डावा हात पाठीमागे घेतला आणि ‘दुखेल’, ‘थोडंच’, ‘मी इथे आहे’ एका हातानं करून पाहिलं. नवऱ्याच्या भुवया हलत नव्हत्या. तिनं पुढे होऊन त्या बोटांनी वर केल्या.

निघताना तिनं पुढच्या आठवड्याची यादी काढली. आजी गावाला गेली आहे. दिवाळीला येणार. मुलगी रोज दाराशी जाऊन उभी राहते. दिवाळी अजून लांब आहे आणि इतके दिवस म्हणजे किती, हे तीन वर्षांच्या पोरीला कसं दाखवायचं?

सरांनी उलट विचारलं: ‘उद्या’ कळतं तिला?

ते कळतं, तिनं सांगितलं. उद्याची खूण पाहिली की ती झोपायला तयार होते.

मग तिथून सुरू करू, सर म्हणाले, आणि फळ्यावर दिवसांचे चौकोन आखायला लागले.