बसल्या जागची मेहनत

"नुसतं बसून चाक फिरवायचं, त्यात कसली आली मेहनत?" असे म्हणत आम्ही चिरंजीवांना टीव्हीपुढून नेहमी उठवत असू. ऑक्टोबर २०२३ मधील कतारची फॉर्म्युला वन शर्यत मात्र आम्ही शेजारी बसून पाहिली आणि गप्पच झालो. शर्यत रात्रीची, तरी उकाडा भयंकर. एस्तेबान ओकॉनला हेल्मेटातच उलटी झाली, तरी तो सातवा आला. लोगन सार्जंटला अंगातले पाणी आटल्याने शर्यत मध्येच सोडावी लागली.

वळणावर डोके नि हेल्मेट यांचे सहा-सात किलोंचे ओझे चार-पाच पट होऊन मानेवर येते. म्हणून ही मंडळी डोक्याला पट्टा अडकवून मानेचा व्यायाम करतात. ब्रेकही आपल्या मोटारीसारखा हलका नव्हे. शंभर किलोंच्या आसपास जोर लावावा लागतो.

आम्हीही कपाळाला पंचा बांधून चिरंजीवांना ओढायला सांगितले. दहा आकडे मोजेपर्यंत मान धरली! दोन दिवस घरभर बामाचा वास. (सौ. अजून हसतात.)

आता पहाटे मैदानावर चिरंजीव पुढे, आम्ही मागे. त्यांचा रेसर होण्याचा हट्ट टिकेल की नाही, कोण जाणे. परवा सहाव्या फेरीला त्यांनीच वळून विचारले, "बाबा, थांबायचं का?"