आमची भंडारदऱ्याची सहल

आमचे गाव प्रवरेच्या कालव्यावर आहे. कालव्याला आमच्याकडे पाट म्हणतात. शाळेच्या मागूनच पाटाची चारी जाते. पाण्याची पाळी आली की बाबा रात्री बॅटरी घेऊन दारे धरायला जातात. कधी कधी त्यांना डुलकी लागते. मग पाणी फुटते आणि रस्त्यावर येते. सकाळी शाळेत येताना आम्ही त्यात कागदाच्या होड्या सोडायचो. मला ते फार आवडायचे.

जानेवारी 2025 मध्ये आमच्या शाळेची सहल भंडारदऱ्याला जायची ठरली. मी घरी सांगितले तेव्हा आजी म्हणाली, "जन्म गेला माझा पाटाच्या पाण्यावर, पण ते येतं कुठून ते काही मी पाहिलं नाही. तू नीट बघून ये आन् मला सांग." तिने मला एक रिकामी बाटली धुऊन दिली. तिच्यात धरणाचे पाणी भरून आणायचे होते.

सहलीच्या दिवशी मी पहाटे चार वाजताच उठले. आईने चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. एस.टी. सुटताना आम्ही सर्वांनी "गणपती बाप्पा मोरया" म्हटले. संगमनेर येईपर्यंत चांगले उजाडले होते. अकोल्याला अगस्ती ऋषींच्या आश्रमात दर्शन घेतले. तिथून पुढे डोंगर सुरू झाले. रस्ता वळणावळणाचा होता, त्यामुळे दोघांना गाडी लागली. राजूर गेल्यावर रंधा धबधबा पाहिला. पावसाळ्यात तो धो धो कोसळतो, पण आम्ही गेलो तेव्हा तो बारीक झाला होता. गुरुजींनी कोणालाही कठड्याच्या जवळ जाऊ दिले नाही.

मग धरण आले. आम्ही सगळे एकदम ओरडलो. एवढे पाणी मी कधीच पाहिले नव्हते. चारही बाजूंनी डोंगर आणि मधे निळे पाणी! गुरुजींनी आम्हाला ओळीत उभे केले आणि माहिती सांगितली. प्रवरा नदी रतनगडावर उगम पावते. तिच्यावर हे धरण बांधले आहे. ते दगडी असून त्याचे काम 1910 साली सुरू झाले आणि 1926 साली पूर्ण झाले. म्हणजे माझी आजी जन्मली नव्हती तेव्हाही हे धरण होते. त्याची उंची सुमारे 82 मीटर आहे. जवळच कळसूबाईचे शिखर आहे. ते 1646 मीटर उंच असून महाराष्ट्रात सर्वात उंच आहे. राघोजी भांगरे याच तालुक्यातले. ते इंग्रजांशी लढले. इंग्रजांनी 1848 साली त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली.

धरणाचे पाणी नदीने खाली येते. वाटेत निळवंडे धरण लागते. पुढे ओझरच्या बंधाऱ्यापासून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. त्यातलाच एक आमच्या गावाला येतो. हे ऐकून मला फार आनंद झाला. मी आजीची बाटली काठोकाठ भरून घेतली.

गुरुजींनी आम्हाला एक गणित घातले. या धरणात 11 टी.एम.सी. पाणी मावते. एक टी.एम.सी. म्हणजे 100 कोटी घनफूट. एका घनफुटात साधारण 28 लिटर पाणी बसते. आमच्या घरचा हंडा 14 लिटरचा आहे. म्हणजे एका घनफुटाचे दोन हंडे. तर सगळे किती हंडे? उत्तर आले 2200 कोटी हंडे. शून्ये लिहिता लिहिता माझ्या वहीची ओळ संपली.

दुपारी आम्ही जेवायला डोंगरावरच्या एका वाडीत गेलो. एका आजींनी आम्हाला ओसरीवर बसू दिले. तिथून खाली सगळे तळे दिसत होते. माझे पाय धुळीने भरले होते. दाराजवळ पाण्याने भरलेला हंडा होता. मी आजींना न विचारताच तांब्या घेतला आणि पायावर पाणी ओतले. एकदा नाही, तीनदा. आजी काही बोलल्या नाहीत. पण त्यांची नात माझ्याकडे बघत राहिली. ती माझ्याच एवढी होती. मग तिने हंड्यातले उरलेले पाणी कळशीत ओतले, रिकामा हंडा उचलला आणि डोंगर उतरून गेली.

आमचे जेवण झाले. खेळून झाले. तरी ती आली नव्हती. आली तेव्हा घामाने डबडबली होती. मी तिला विचारले, "एवढा वेळ कुठं गेली होतीस?" ती म्हणाली, "खालच्या विहिरीवर. उन्हाळ्यात ती बी आटती. मग आणखी लांब जावं लागतं."

मी म्हणाले, "तळं तर इथंच दिसतंय."

ती म्हणाली, "दिसतंय जवळ. उतरून बघ म्हंजी कळंल."

मला खूप लाज वाटली. मी बाईंना विचारले आणि दुसऱ्या खेपेला कळशी घेऊन तिच्याबरोबर गेले. उतरताना काही वाटले नाही. वर येताना माझे पाय थरथरायला लागले. पाणी हिंदकळून अंगावर सांडत होते. वर पोचले तेव्हा कळशी निम्मीच भरलेली होती. त्या आजी हसून म्हणाल्या, "निम्मं पाणी तुझ्या झग्यानंच पिलं की गं!" सगळे हसले. मीसुद्धा हसले.

गाडीत मी गुरुजींना विचारले, "इथं एवढा पाऊस पडतो, जवळच्या घाटघरला तर आपल्या जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात, मग यांनाच पाणी का नाही?" गुरुजी म्हणाले, "इथला दगड कठीण आणि उतार फार. पाणी जमिनीत मुरत नाही, धावत खाली जातं. खालचं पाणी वर न्यायचं तर पंप पाहिजे, पाइप पाहिजे, वीज पाहिजे. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण तुम्ही पाठ केली होती. आज ती तुम्ही पाहिली."

रात्री घरी आल्यावर मी आजीला सगळे सांगितले. पाय धुतले तेही सांगितले. मला वाटले ती रागावेल. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला वाटायचं, पाट आपलाच हाये." तिने ती बाटली देवापाशी ठेवली.

मागच्या पाळीला पाणी पुन्हा फुटून रस्त्यावर आले. माझ्या मैत्रिणी वहीची पाने फाडून होड्या करू लागल्या. मी होडी केली नाही. मी पळत शेतात गेले आणि बाबांना उठवले. बाबांनी लगेच दार बांधले. त्यांना वाटले मी ओरडून सांगितले म्हणून ते घाबरले, पण नंतर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

भंडारदरा फार सुंदर आहे. तुम्हीही जरूर पाहा. पण तिथल्या वाडीत गेलात तर पाणी विचारून घ्या आणि पिण्यापुरतेच घ्या. ही सहल मी कधीही विसरणार नाही.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी