शेवटचे काम

सेवानिवृत्तीनंतर क्रोशाची सुई हाती घेतली, तेव्हा वाटले, ३४ वर्षे बँकेत खाती जुळवणाऱ्या मला टाके मोजणे काय कठीण? १६ पाकळ्यांचा गोल सुती रुमाल दोन महिन्यांत विणून झाला. साखळ्या आणि खांब मोजून बरोबर होते. टेबलावर पसरला, तर कडा वळलेल्या आणि मध्ये फुगवटा! नोंदी बरोबर असूनही ताळेबंद जुळू नये, तशी गत झाली.

आईचे रुमाल सपाट कसे बसत, हे पाहण्यासाठी तिची ट्रंक उघडली. रुमालांखाली एक लहानशी जुनी गादी होती. तिच्या खोळीवर गंजाच्या बारीक ठिपक्यांची वर्तुळे उमटली होती. क्षणभराने उमगले, या टाचण्यांच्या खुणा आहेत. विणून झालेला रुमाल आई भिजवून गादीवर ताणून टाचत असे. यालाच आता ‘ब्लॉकिंग’ म्हणतात.

मी बँकेतून परतले की ती म्हणे, “जरा बैस, शेवटचे काम दाखवते.” माझे उत्तर ठरलेले असे, “विणून झाले ना? मग आता काय राहिले?”

खरे तर दिवसभर विक्री झाली, तरी रोजमेळ लिहिल्याशिवाय दुकानाचा दिवस संपत नाही, हे आपल्या घरांत मुलांनाही ठाऊक असते.

मी रुमाल कोमट पाण्यात भिजवला. पिळला नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला. कागदावर वर्तुळ आखून त्याचे १६ भाग पाडले, वर पारदर्शक प्लास्टिक घातले आणि ते गादीवर ठेवले. आधी समोरासमोरच्या चार पाकळ्या टाचल्या, मग मधल्या. टाचण्या न गंजणाऱ्या घेतल्या; आईच्या एका रुमालाच्या कडेला गंजाचा डाग राहून गेला आहे. पंख्याखाली पूर्ण वाळेपर्यंत हात लावला नाही. ॲक्रिलिकच्या विणकामाला मात्र गरम इस्त्री टेकवू नये. धागा कायमचा ढिला पडतो.

दुसऱ्या दिवशी टाचण्या काढल्या. रुमाल सपाट बसला. शेजारी आईचा डागाळलेला रुमाल अंथरला.

परवा सून घाईने कामावर निघाली होती. मी म्हटले, “सवड झाली की बैस. शेवटचे काम दाखवायचे आहे.”

चपला घालता घालता ती म्हणाली, “रविवारी नक्की, आई.”

गादी मी अजून आवरलेली नाही.