जकातीचे पत्र

नांदगाव तिठ्यावरील किराणा दुकानाचे वयोवृद्ध मालक नातवाला घेऊन सिंधुदुर्ग पाहण्यास निघाले, त्या सकाळी घरातील बोलणे तुटकच होते. आसपासच्या शेतकऱ्यांकडून आमसुले आणि कुळीथ घेणे थांबवून बाहेरून येणारा स्वस्त पाकिटबंद माल ठेवावा, असे मुलाचे म्हणणे होते. हिशेबाने ते चुकीचे नव्हते. म्हणूनच वडिलांना उत्तर सुचत नव्हते.

मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटली. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या जलदुर्गाचा पाया घातला गेला आणि २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या बारा किल्ल्यांत त्याचा समावेश झाला. अगदी जवळ जाईपर्यंत त्याचा दरवाजा दृष्टीस पडत नाही. राजाराम महाराजांनी उभारलेले शिवराजेश्वर मंदिर आणि खाऱ्या समुद्राच्या मध्यभागी गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी पाहून झाल्यावर नातवाने व्यापाऱ्याच्या घराला शोभेल असा प्रश्न केला, "आजोबा, एवढ्या कामाला पैसा कुठून आला?"

आजोबांना लगेच काही सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी नातवाच्या शाळेतील इतिहास प्रदर्शनात एका फलकापाशी ते थबकले. शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांना धाडलेल्या पत्राचा आशय तेथे दिला होता. पोर्तुगीजांच्या बारदेशातील मीठ स्वस्त असल्याने व्यापारी तिकडे ओढले जातील व संगमेश्वराकडील मीठ पडून राहील. यास्तव बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवून ते संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडेल असे करावे, अशी ती आज्ञा होती. रयतेचा माल विकला गेला, तरच खजिन्यात भर पडणार!

सायंकाळी वडील मुलाला म्हणाले, "अरे, जकात बसवणे राजाच्या हाती. आपल्या हाती फक्त दुकानातली एक फळी. पण ज्यांची आमसुले आपण घेणार नाही, ते आपली तेल-साखर कशाने घेतील?"

मुलाने वही उघडून बराच वेळ आकडेमोड केली. नफा घटत होता, परंतु दुकान बुडत नव्हते.

"एक वर्ष पाहू, बाबा," तो म्हणाला आणि त्याने आमसुलांची फळी पुसून घेतली.