पहारेकऱ्यांचे गाऱ्हाणे

गिरणीकामगारांचा संप झाला की बंदोबस्तास पोलीस येतात. शिक्षकांचा मोर्चा निघाला की त्याच्या दुतर्फा पोलीसच उभे असतात. मग पोलिसांच्या स्वतःच्या पगाराचे गाऱ्हाणे कोणी, कोणापुढे मांडावे? आमच्या वर्गातील दोघांचे वडील पोलीस खात्यात आहेत. दिवाळीच्या रात्रीही ते चौकात पहाऱ्यावर असतात. त्यामुळे नागरिकशास्त्राच्या तासाला निघालेला हा प्रश्न आमच्या मनातून जाईना.

त्याचा शोध घेता घेता आम्ही १९१८ सालच्या लंडनपर्यंत पोहोचलो. महायुद्धाने महागाई भडकली होती आणि शिपायाचा किमान पगार होता आठवड्याला अवघा ३० शिलिंग. पोलिसांनी संघटना बांधली, पण सरकार तिला मान्यता देईना. तिच्या एका कार्यकर्त्यास बडतर्फ केले, तेव्हा ३० ऑगस्ट रोजी हजारो शिपाई कामावर गेलेच नाहीत. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी त्यांच्या पुढाऱ्यांना भेटीस बोलाविले. पगार ४३ शिलिंग झाला, विधवांना निवृत्तिवेतन मिळाले, बडतर्फ शिपाईही परत आला. मान्यता मात्र मिळाली नाही.

तिच्यासाठी १९१९ साली पुन्हा संप झाला. त्याचा जोर लिव्हरपूलला होता. तेथे लुटालूट माजली, लष्कर आले, मर्सी नदीत युद्धनौका आणून उभी करावी लागली. देशभरातील दोन हजारांहून अधिक संपकरी बडतर्फ झाले व त्यांतील एकालाही परत घेतले नाही. त्याच वर्षी कायद्याने पोलिसांना कामगार संघटनेत जाण्यास बंदी घातली, पण त्यांचे म्हणणे मांडण्यासाठी पोलीस फेडरेशन ही अधिकृत संस्थाही स्थापिली. डेसबरो समितीच्या शिफारशीने पगार ७० शिलिंगांवर गेला. ज्यांनी त्यासाठी नोकरी गमावली, त्यांना त्यातला एकही शिलिंग मिळाला नाही, याचे आम्हांस राहून राहून वाईट वाटते.

चोरांना रान मोकळे सोडणारा संप आम्हांसही नको वाटतो. परंतु ज्याच्या हातून हे शस्त्र काढून घेतले, त्याचा अर्ज वेळेवर वाचणे हे सरकारवरचे ऋणच नव्हे काय? आपल्याकडे १९६६ च्या कायद्यानुसार परवानगीवाचून पोलिसांना कामगार संघटनेचे सभासद होता येत नाही. मुंबईत पोलिसांची एक मान्यताप्राप्त संघटना होती. ऑगस्ट १९८२ मध्ये तिची मान्यता काढून पुढाऱ्यांना अटक होताच शिपाई रस्त्यावर उतरले, आणि ज्या शहराचा बंदोबस्त ते रोज करीत, तेथे लष्कर बोलवावे लागले.